गेरूची रेघ

आत्तींनी त्या दिवशी पाठ घासू दिली नाही, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून आमचा एक नेम होता. आठवड्यातनं एकदा आत्ती न्हाणीतल्या दगडावर पाठमोऱ्या बसायच्या आणि मी काथ्यानं त्यांची पाठ घासायची. सासू-सुनेचं जे काही बोलायचं असेल ते तिथं बोलून व्हायचं. तोंडं समोरासमोर नसली की भांडण निम्मं होतं, हे मला त्या न्हाणीनंच शिकवलं. त्या सकाळी मात्र मी पाणी काढून हाक मारली तर आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. माजं म्या बगते."

"का ओ? माझा हात जड झाला का?"

"चिकल तुडवून पाठ धरलीया. हात लावू नगंस."

दिवाळी नुकतीच झाली होती. पणत्यांची धांदल संपली होती. बहात्तराव्या वर्षीही आत्ती चिखल तुडवायला कुणाला बोलवायच्या नाहीत, त्यामुळं पाठ धरली हे खोटं वाटावं असं नव्हतं. पण दार लोटून घेतल्यावर आतनं पाण्याचा आवाज येईना. मी फटीतनं बघितलं. आत्ती एका हातात माझा टिकलीचा आरसा धरून मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघत होत्या.

मी सरळ दार ढकललं. उजव्या अंगाला, कण्यापासून निघून काखेच्या खालनं पुढं वळलेला लाल पट्टा, आणि त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड, दाटीवाटीनं. आमच्या घरातलं कुठलंही माणूस हे झोपेतसुद्धा ओळखेल. नागीण.

"बगितलंस न्हवं?" आत्ती पदर ओढून घेत म्हणाल्या. "आता गप ऱ्हायाचं. बाळूला सांगायचं न्हाई."

बाळू म्हणजे आमचे हे.

आता आमच्या घरातलंच माणूस का, ते सांगायला पाहिजे. आम्ही कुंभार. आमच्या भागात नागीण उठली की लोक डॉक्टरच्या आधी कुंभारवाड्यात यायचे, आणि कुंभारवाड्यात म्हणजे अनसाक्काकडं. अनसाक्का म्हणजे माझ्या आत्ती. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ती मिळू नयेत म्हणून आत्ती मातीच्या वाटीत गेरू कालवायच्या, मोराच्या पिसाच्या दांडीनं पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ मारायच्या आणि मारताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. त्याचा पैसा घ्यायचा नाही. बरं वाटलं तर माणसानं नारळ आणून आव्यापुढं, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीपुढं, फोडायचा, एवढंच. आमच्या आव्यापुढं एवढे नारळ फुटायचे की घरात खोबऱ्याला कधी तोटा नव्हता.

ही विद्या त्यांना त्यांच्या सासूनं दिली होती. मला मात्र त्यांनी दिली नव्हती. कारण उघड होतं. मी बारावी झालेली, आणि तालुक्याला डॉक्टर देशिंगकरांच्या दवाखान्यात नंबर लावायला, पट्ट्या बांधायला जायची. "आमच्या घरची सून माज्याच विरोधी पार्टीत," असं आत्ती आल्यागेल्याला हसून सांगायच्या. हसून सांगायच्या, पण सांगायच्या.

"आत्ती, मी रेघ मारू?" मी विचारलं.

"तुला येती?"

"तुम्ही सांगा की."

"ऱ्हाऊ दे. आता रेघंचा उपेग न्हाई." त्या दगडावर खाली बसल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सालन, ह्या कंच्या नागिणी हायत, ठावं हाय तुला? आजवर ज्या ज्या आडवल्या, त्या हायत ह्या. दुसऱ्याच्या अंगावर म्या त्यास्नी म्होरं जाऊ दिलं न्हाई. आता म्हातारी झाले, एकली सापडले, तवा सगळ्या मिळून आल्यात. हिशोब चुकता करायला."

उन्हं अंगणात आली होती, तरी माझ्या अंगावर काटा आला. मी दवाखान्यात काम करणारी बाई, पण आत्तींनी हे असं सांगितलं की क्षणभर मलाही ते खरंच वाटलं. आणि त्याचबरोबर दुसरीही गोष्ट कळली. ही बाई औषधाला जाणार नाही. ही मरणाची तयारी करून बसली आहे.

दुपारपर्यंत आमच्या ह्यांना कळलंच. मी सांगितलं नाही, पण आत्ती भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून उठल्या, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. ह्यांनी आईच्या कपाळाला हात लावला. "ताप न्हाई," म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं सगळ्या दुखण्यांची परीक्षा कपाळावरच व्हायची.

"ताप नाही म्हणून काय झालं?" मी म्हटलं. "म्हाताऱ्या माणसाला तापसुद्धा धड येत नाही, असं डॉक्टर सांगतात. अंगात तेवढी धमक राहत नाही."

"तुज्या डाक्टरचं नगंस मला सांगू," आत्ती आतनं म्हणाल्या. "साऱ्या मुलखाची नागीण म्या उतरवायची आन् माजी उतरवायला डाक्टर? लोक त्वांडात श्यान घालतील. म्हणतील, म्हातारी आपुन गोळ्या खाती आन् आमास्नी गेरू फासती."

त्यावर आमचे हे माझ्याकडं बघायला लागले आणि मी ह्यांच्याकडं.

त्याच वेळी अंगणात एक रिक्षा थांबली. शेजारच्या गावच्या दूध डेअरीतले एक तात्या, त्यांच्या मुलानं धरून आणलेले. कमरेला नागीण. आम्ही दोघं "अक्कास्नी बरं न्हाई" असं सांगणार, तेवढ्यात आत्ती बाहेर आल्या. पदर घट्ट लपेटलेला, चेहरा दगडासारखा. गेरूची वाटी घेतली आणि तात्यांना पाटावर बसवलं. सदरा वर करून बघितलं मात्र, आणि आत्तींच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"किती दिस झालं हे?"

"झालं असतील की चार-पाच," तात्या म्हणाले.

"आन् आज आलाईस? कितींदा सांगायचं तुमास्नी? पैला फोड दिसला की यायाचं! तवाच्या तवा! येळ घालवला की रेघ धरत न्हाई, मग माज्या नावानं बोटं मोडू नका!"

तात्या शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून बसले. आत्तींनी रेघा मारल्या, पुटपुटल्या, वाटी ठेवली. रिक्षा गेल्यावर त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. अंगात आग पेटलेली असताना ही बाई दुसऱ्याची आग विझवत होती. पण त्याच वेळी मला हातात धरायला दोरी सापडली.

"आत्ती," मी म्हटलं, "तुमचा पहिला फोड कधीचा?"

त्यांनी पदर आणखी घट्ट लपेटला.

"परवाचा? नाहीतर कालचा असंल. तात्यांना आत्ता काय म्हणालात? वेळ घालवला की धरत नाही. डॉक्टरची गोळीपण तशीच आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतली तर धरते. मग मी बोटं कुणाच्या नावानं मोडू?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मग ओठाच्या कोपऱ्यात हसल्या. "माजंच जातं आन् मलाच दळतीयास," म्हणाल्या. "येते. पर आदी रेघ मार. रेघंबिगर म्या उंबरा वलांडणार न्हाई. आपली आपल्या अंगावर मारता येत न्हाई, तसा नेम हाय."

मी वाटी घेतली. आत्ती न्हाणीत त्याच दगडावर पाठमोऱ्या बसल्या. "फोडास्नी लावू नगं. टोकाच्या म्होरं, कोऱ्या कातड्यावर. एका दमात."

"आणि मंत्र?"

आत्ती मान न वळवता म्हणाल्या, "मंत्र न्हाई."

"म्हणजे?"

"माज्या सासूला इचारलं तवा तीबी हेच म्हणाली. मंत्र न्हाई. निस्तं म्हणायचं, थांब गं बाई. घरात ल्येकरंबाळं हायती. थांब गं बाई. हे कुणाला ऐकू जाऊ द्यायाचं न्हाई, येवढंच."

एवढी वर्षं सगळी पंचक्रोशी ज्या मंत्राला टरकून होती, तो हा. माझे डोळे भरून आले. मी रेघ मारली. एका दमात कसली, वाकडीतिकडी झाली. थांब गं बाई, थांब गं बाई, असं मी खरोखर मनापासून म्हटलं. ते नागिणीसाठी म्हटलं की आत्तींसाठी, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

डॉक्टर देशिंगकर तेव्हा पन्नाशीचे होते. आत्तींना दारात बघून ते खुर्चीतनं उठलेच. "काय अनसाक्का! आज इकडं कशा?"

"तुमचं गिऱ्हाईक व्हायाला आले," आत्ती म्हणाल्या.

त्यांनी पाठ बघितली. माझी वाकडी रेघही बघितली. मग समोर बसून म्हणाले, "अक्का, मला एक सांगा. तुमच्याकडं नागीण घेऊन येतात ती माणसं कशी असतात? तरणी की म्हातारी?"

"म्हातारीच लई. तरणं येकादं. रगत सैल पडलं की ती धरती, असं माजी सासू सांगायची."

"सासू फार चुकली नव्हती. सैल पडतं ते रक्त नव्हे, राखण. लहानपणी तुम्हाला कांजिण्या आलेल्या?"

"आल्या की. मला आन् माज्या थोरल्या भावाला एकदम. आईनं दोगास्नी लिंबाच्या पाल्यावर निजवलं हुतं."

"त्या कांजिण्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा विषाणू गेला नाही. तो पाठीच्या कण्याजवळ, शिरांच्या मुळाशी जाऊन पडून राहतो. सगळा जन्म. आपल्या शरीरात त्याच्यावर नजर ठेवणारे राखणदार असतात, म्हणून तो हलत नाही. वय झालं की नव्या राखणदारांची भरती कमी होते आणि जुने दमतात. मग कधीतरी त्याला संधी मिळते, आणि तो शिरेच्या वाटेनं वर कातडीवर येतो. तीच नागीण."

आत्ती विचार करत राहिल्या. "म्हंजे आव्यागत," म्हणाल्या. "वरनं निस्ती राख दिसती. आत निखारा ऱ्हातोच. वरची राख उडाली की पुन्यांदा फुलतो."

"अगदी तसंच."

"म्हंजे भायेरनं कोन न्हाई आलं?"

"कोणी नाही. तुमचीच आहे. लहानपणची."

आत्तींचे खांदे एकदम खाली आले. त्यांनी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला ते मला दिसलं. सूड नाही, हिशोब नाही, कुणी राग धरून आलेलं नाही. मला वाटलं, झालं, सुटलो. पण आत्ती लिहा-वाचायला शिकल्या नसल्या तरी खुळ्या नव्हत्या. त्यांनी पुढचं विचारलं, आणि ते मी विचारलं नसतं.

"मग ज्या म्या थांबवल्या, त्या?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खोटं बोलायला त्यांचं काही जाणार नव्हतं. दोन शब्दांत म्हातारी खूश झाली असती. पण ते म्हणाले, "अक्का, एक शीर अंगाच्या एकाच बाजूला पसरते. म्हणून नागीण एकाच बाजूला उठते. तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत. रेघ मारली तरी, आणि नाही मारली तरी."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मला डॉक्टरांचा असा राग आला की त्या क्षणी नोकरी सोडून घरी जावं.

"खालच्या आळीची तुळसाबाई," आत्ती हळू म्हणाल्या. "तिला कपाळावर उठली हुती. म्या रेघ मारली. तिचा डोळा गेला. गोळी घेतली असती तर वाचला असता?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत."

"मग जलमभर म्या केलं काय, डाक्टर?"

"माझ्या वडलांना झाली होती, आठवतं?" डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मीच दिल्या होत्या. पण येणारा-जाणारा सांगायचा, तोंड-शेपूट मिळालं की खलास. ते आरसा घेऊन बसायचे. मी मुलगा, मी डॉक्टर, पण माझं ऐकेनात. जेवण टाकलं. शेवटी तुम्हाला निरोप कुणी धाडला? मीच. तुम्ही येऊन रेघ मारलीत, आणि त्या दुपारी त्यांनी भाकरी मागून खाल्ली. ती गोळी माझ्या कपाटात नव्हती."

आत्तींना त्यानं बरं वाटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी गोळ्यांची पट्टी उचलली. "किती येळा घ्याची?"

"दिवसातनं पाच वेळा. एकही चुकवायची नाही. आणि फोड सुकेपर्यंत तान्ही पोरं, पोटुशी बाई जवळ येऊ द्यायची नाही."

गोळ्या आत्तींनी एकही चुकवली नाही. फोड सुकले, खपल्या पडल्या. पण आतली कळ राहिली. नेसूचं पातळ घासलं तरी अंगावर निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणायच्या. वय झालं की असं रेंगाळतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि वेगळी गोळी दिली. त्यापेक्षा मला भीती होती ती त्यांच्या गप्प बसण्याची. गेरूची वाटी त्यांनी माळ्यावर पालथी घातली होती. कुणी नागीण घेऊन आलं की "म्या सोडलं ते, डाक्टरकडं जा," एवढं सांगून आत जायच्या. त्यातले किती डॉक्टरकडं जायचे देव जाणे. बरेचसे पलीकडच्या गावच्या एका मांत्रिकाकडं जात होते, असं कानावर येई. चाकावर बसल्या तरी हात नुसता मातीत ठेवून बसायच्या. घरात माणूस होतं आणि नव्हतं.

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी न्हाणीतनं हाक आली. "सालन, पाठ घास गं. जरा हलक्या हातानं."

मी काथ्या टाकून नुसत्या तळव्यानंच घासली. त्या जागी फिकट डाग राहिले होते. मी त्या दिवशी दवाखान्यात गुणगुणत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लांबच्या वाडीवरनं एक म्हातारा आला. मुलगी सोबत. माणूस उंचापुरा, पण वाळून कोळ झालेला. नागीण कालच उठलेली, आणि त्यानं कालपासूनच अन्नपाणी टाकलेलं. आत्ती नेहमीचं वाक्य बोलून वळल्या, तसा तो अंगणातच खाली बसला.

"रेघ नगं मारूस, अक्का," म्हणाला. "तेवढं बगून सांग. मिळाय किती बोटं ऱ्हायल्यात. म्हंजे ल्येकीला सांगून ठेवाय बरं."

आत्ती उंबऱ्यात थांबल्या. मग घरात गेल्या. मला माळ्यावर खुडबूड ऐकू आली. बाहेर आल्या तेव्हा पायात वहाणा होत्या आणि पदराखाली काहीतरी धरलेलं होतं.

"ऊठ," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. "रेघ मारते. पर माजा नेम बदललाय. आदी गोळी, मग रेघ. गोळी पोटात न्हाई तर माजी रेघ धरत न्हाई."

"गोळी? कसली गोळी?"

"चल म्हनते न्हवं!"

आणि त्या स्वतः त्याला घेऊन, माझ्याबरोबर एसटीनं तालुक्याला आल्या. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, मी शेजारच्या दुकानातनं आणल्या. पहिली गोळी आत्तींनी आपल्या हातानं पाण्याबरोबर त्याला दिली. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला पाठमोरा बसवून पदराखालनं वाटी काढली. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. आत्तींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. डॉक्टर बाजूला सरकले, उजेड नीट पडावा म्हणून.

वाटी धरायला मी होते, त्यामुळं आत्ती काय पुटपुटतात ते मला ऐकू येत होतं. मी वाट बघत होते, थांब गं बाई, थांब गं बाई. रेघ मारली, कोऱ्या कातडीवर, एका दमात. पण शब्द वेगळे होते, आणि ते नागिणीला म्हटलेले नव्हते.

"भिऊ नगं बाबा," आत्ती म्हणत होत्या. "ती तुजीच हाय. ल्हानपनची. दिसातनं पाच येळा गोळी. येक चुकवू नगं. भिऊ नगं."

म्हातारा डोळे मिटून बसला होता. त्याला त्यातलं किती ऐकू गेलं, कोण जाणे. दुसरी रेघ पुरी झाली, आत्तींनी पिसाची दांडी पुसली, तसे त्यानं डोळे उघडले आणि लेकीकडं बघितलं.

"भाकरी बांदून आनलीयास न्हवं?" त्यानं विचारलं. "काड की मग."